मला इंग्रजीत खोटं बोलता येत नाही

ती. ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. हल्ली मी प्रत्यक्ष वाकत नाही. वाकण्याचा आणि डोळ्याचा काही संबंध नसतो असं डॉक्टर म्हणतात, पण डॉक्टरांना आपण सगळंच कुठे विचारतो?) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? तुमच्या वरच्या मजल्यावरची बाई अजून भल्या पहाटे कपाट ओढते का, आणि तू अजून झाडूचा दांडा छताला ठोकूनच तिला उत्तर देतेस का? एकदा वर जाऊन सरळ बोल की बाई तिच्याशी. माझं म्हणशील तर मी उत्तम आहे. भूक लागते, झोप येते. येते म्हणजे येऊन जाते.

पत्र का लिहिलं म्हणून आधी घाबरून घे आणि मग पुढे वाच, कारण घाबरण्यासारखं त्यात काही नाही, निदान तुला नाही. फोन करता आला असता. पण आमचा फोन जेवणाच्या टेबलाशेजारी, आणि त्या टेबलाशी तुझी भावजय. शिवाय फोनवर तू ‘काय रे, आवाज असा का?’ म्हणतेस, मी ‘कुठे काय!’ म्हणतो, आणि विषय तिथेच मिटतो. असे माझे कितीतरी विषय ‘कुठे काय’ने मिटवलेत मी आजवर. मराठीत माझी ती हातोटीच आहे. घात झाला तो इंग्रजीने.

तुला माहीतच आहे, आमच्या चष्म्याच्या दुकानासमोर नवीन ऑफिसांची इमारत झाली. तिथली माणसं कुठकुठली, चष्मा मात्र सगळ्यांना, आणि बोलणं इंग्रजीतच. मालक म्हणाला, गिऱ्हाईक हातवारे करून किती दिवस पटवणार? म्हणून त्याने त्याच्या शाळेतल्या निवृत्त बाईंना आणलं. दुकान उघडायच्या आधी तास. आम्ही चौघं विद्यार्थी: मालक, डोळे तपासणारी (हिला आम्ही ‘नंबरवाली’ म्हणतो, ती आम्हाला काय म्हणते ते विचारलेलं नाही), फ्रेमच्या काउंटरवर असते ती तुझी भावजय, आणि मागच्या खोलीत काचा घासणारा मी. बाईंना नाव पडलंय वाक्यबाई. मालक पन्नाशीचा झाला, पण त्यांनी नुसतं बघितलं तरी उभा राहतो, आणि तो उभा राहिला की आम्हीही राहतो, न जाणो.

वाक्यबाईंची पद्धत अशी. त्या आठवड्याला एकच गोष्ट शिकवतात, पण ती पार हाडात मुरवतात. इंग्रजीत म्हणे एक क्रियापद घ्यायचं, त्याला शेपटीसारखा एक छोटा शब्द जोडायचा, की झालं तिसरंच काहीतरी. ते नुसतं पाठ करून चालत नाही, वाक्यात घालावं लागतं. आणि वाक्य कसलं? तर आपल्या घरातलं, अलीकडे घडलेलं, खरं. पुस्तकातलं वाक्य म्हटलं की बाई चष्म्यावरून बघतात. ‘हे तुमच्या घरी झालं? नाही ना? मग बसा.’ वाक्य झालं की बाकीच्यांनी त्याच्यावर एकेक प्रश्न विचारायचा, आणि ज्या भाषेत प्रश्न त्याच भाषेत उत्तर. एका आठवड्यात ‘लुक फॉर’ होतं, म्हणजे शोधणे. मालक उठून म्हणाला, ‘एव्हरी मॉर्निंग आय लुक फॉर माय चष्मा.’ चष्म्याच्या दुकानाचा मालक, बघ! भावजय म्हणाली, ‘आय लुक फॉर माय हजबंड इन द बाजार.’ ते खरं होतं, मी टरबुजांपाशी रेंगाळलो होतो. सगळे हसले, मीही हसलो. पुढच्या आठवड्यात काय वाढून ठेवलंय याची मला काय कल्पना!

पुढच्या आठवड्यात बाईंनी फळ्यावर लिहिलं ‘पुट ऑफ’. म्हणजे पुढे ढकलणे. ताई, मला आधी बरंच वाटलं. आपल्याकडे या एका गोष्टीसाठी किती शब्द लागतात! चालढकल, टाळाटाळ, आज-उद्या करणं, बघू म्हणणं, घोंगडं भिजत ठेवणं. इंग्रज माणसाने दोन इवलेसे शब्द एकमेकांना चिकटवले आणि मोकळा झाला. मला वाटलं, या बाबतीत आपण वर्गात पहिले येणार. अनुभव दांडगा.

आता मध्येच तुला एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. (बसलीस का? बस. पाणी पी.) डावाही त्याच वाटेवर आहे, पण त्याला घाई नाही. डॉक्टरांनी उजव्याची तारीख दिली होती. मी घरी येऊन सांगितलं, डॉक्टर बाहेरगावी गेलेत. दुसरी तारीख आली, तेव्हा मशीन बिघडलं. तिसऱ्या वेळी डोळ्यात बसवायचं भिंगच आलेलं नव्हतं. भिंगांच्या धंद्यात अख्खा जन्म गेला माझा, त्यामुळे भिंग का येत नाही यावर मी तुझ्या भावजयीला इतकं सविस्तर सांगितलं की शेवटी तीच म्हणाली, ‘जाऊ दे, कसले बेजबाबदार लोक!’ बिचारे डॉक्टर. त्यांचं मशीन चांगलं धडधाकट होतं आणि तेही गावातच होते. दर वेळी फोन करून नको म्हणत होतो तो मी.

तर तास. आधी नंबरवाली उठली. ‘ऑन संडे आय पुट ऑफ माय बाथ.’ आणि मी नेमकं आंघोळीचंच वाक्य घोकून आलो होतो. मालक म्हणाला, ‘आय पुट ऑफ द फॅन रिपेअर.’ आम्ही सगळ्यांनी वर पंख्याकडे बघितलं, पंख्याने नेहमीसारखं कुरकुर करून दुजोरा दिला. तुझी भावजय उठली आणि म्हणाली, ‘आय नेव्हर पुट ऑफ.’ बाई म्हणाल्या, काय पुट ऑफ करत नाही ते सांगा. ती म्हणाली, ‘एनीथिंग.’ आणि बसली. यावर कोणी एकही प्रश्न विचारला नाही. विचारणार काय?

मग माझा नंबर. मी ‘ऑन संडे’ एवढं म्हणालो आणि बाई म्हणाल्या, आंघोळ झालेली आहे, दुसरं सांगा. ताई, मराठीत मला कोणी असं अडवलं असतं ना, तर उभ्या उभ्या मी अर्धा डझन वाक्यं रचली असती, नळाचं, दाराच्या कडीचं, मावशीकडे जायचं राहिलं त्याचं. पण इंग्रजीत रचायचं म्हणजे आधी जवळ शब्द हवेत. माझ्याजवळ होते मूठभर. मी आत हात घातला आणि जे हाताला लागलं ते बाहेर आलं. ‘आय पुट ऑफ माय ऑपरेशन.’

बाईंचा चेहरा असा फुलला! ‘व्हेरी गुड!’ म्हणाल्या. माझ्या जन्मात मला भाषेच्या तासाला व्हेरी गुड मिळालेलं नाही, त्यामुळे क्षणभर मीही खूश झालो, गाढवासारखा. मग मान वळवली तर तुझी भावजय माझ्याकडे बघत होती. ती रागावली नव्हती. तिचा प्रश्न विचारायचा नंबर होता, आणि ती शब्द जुळवत होती. जुळले. ‘हू पुट ऑफ? डॉक्टर?’

नुसतं ‘येस’ म्हटलं असतं तर सुटलो असतो. तेवढं इंग्रजी येतं मला. पण विचार कर, ‘येस’नंतर मालक विचारणार, व्हाय? मग मशीन बिघडलं हे सांगायला हवं, मग कुठलं मशीन, कसं बिघडलं, कोण दुरुस्त करतंय. खोटं बोलायला किती शब्दसंपत्ती लागते गं! खरं काय, दोन शब्दांत भागतं. मी म्हणालो, ‘नो. मी.’ (घाईत मराठी ‘मी’ निघाला की इंग्रजी, ते मलाही कळलं नाही. अर्थ पोचला.) मालक म्हणाला, ‘ऑल टाइम यू?’ मी म्हणालो, ‘ऑल टाइम मी.’

आता नंबरवाली उरली होती. चांगली मुलगी आहे, तिला वाटलं आपण सोपा प्रश्न विचारून काकांना सोडवावं. म्हणाली, ‘व्हाय?’

ताई, मराठीत या प्रश्नाला मी सणसणीत उत्तरं दिली असती. दुकानात गर्दीचे दिवस आहेत, अजून दिसतंय की बऱ्यापैकी, उगाच कशाला डोळ्याला हात लावायचा, बघू थंडी सरल्यावर. इंग्रजीत त्यातलं एकही येईना. एकच वाक्य येत होतं, बाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. ‘आय अ‍ॅम अफ्रेड.’ मला भीती वाटते. हे मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, हिला नाही, तुला नाही, माझं मलाही धड सांगितलं नव्हतं, आणि उठून सांगितलं कुठे, तर दुकानात, बंद शटरमागे, मालकासमोर, परक्या भाषेत.

माझे कान तापले. वाक्यबाईंनी फळ्यावर माझं वाक्य लिहिलं, ‘ही पुट ऑफ हिज ऑपरेशन’, आणि नेहमीच्या पद्धतीप्रमाणे सगळ्यांकडून एका सुरात म्हणवून घेतलं. मीही म्हणालो, करतो काय? सगळ्यांत मोठा आवाज तुझ्या भावजयीचा.

मला वाटलं, घरी गेल्यावर आता माझी शंभरी भरली. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, भांडण मराठीत झालं असतं, आणि मराठीत मी कोणाला हार जात नाही. पण ती भांडलीच नाही. तिने एवढंच ओळखलं की हा माणूस इंग्रजीत खोटं बोलू शकत नाही. तेव्हापासून भाजीला मीठ किती, दार लावलं का, असलं किरकोळ बोलणं मराठीत, आणि जे काही कामाचं ते इंग्रजीत. ‘यू पुट ड्रॉप्स इन आय?’ मी ‘घातले ना’ म्हणायला तोंड उघडतो, ती बोट वर करते. ज्या भाषेत प्रश्न त्याच भाषेत उत्तर! मग मी म्हणतो, ‘नो.’ ‘यू सी धिस?’ म्हणून लांबून कॅलेंडर दाखवते. ‘नो.’ ‘यू सी मी?’ ‘लिटल.’ हे ‘लिटल’ ऐकल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. भांडी मघाशीच घासून झाली होती.

दुकानातही सुटका नाही. मालकाने मला काचा घासायच्या मशीनवरून उठवलं. त्याला दोष देत नाही मी. चित्रकलेच्या मास्तरांच्या चष्म्यात तिरक्या नंबराची काच माझ्या हातून भलत्याच कोनात बसली, आणि मास्तर दुसऱ्या दिवशी सपाट फूटपाथवरून पाय उचलून उचलून, डोंगर चढावा तसे दुकानात आले. ते हसले, मालकही हसला, पण मालक नंतर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘ऑपरेशन झालं की मशीन तुमचंच. तोवर काउंटरवर बसा.’ नाही झालं तर काय, ते तो बोलला नाही, मीही विचारलं नाही. सध्या मी चष्म्याच्या डब्या आणि पुसायची फडकी देतो. हातांना काय करावं कळत नाही. घरीसुद्धा चमचा हातात आला की मी त्याची कड अंगठ्याने तपासतो.

आणि लोक धीर देतात, तो वेगळाच ताप. ‘अहो, काही नसतं, मुंगी चावल्यासारखं.’ ‘आत जाता काय, बाहेर येता काय.’ ‘दुसऱ्या दिवशी पेपर वाचाल.’ ताई, ही सगळी वाक्यं माझी आहेत! काउंटरवर बावरून बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना मागच्या खोलीतून डोकावून मीच ती आजवर देत आलो. आता तीच माझ्याकडे परत येतात, आणि ती किती पोकळ आहेत ते मला ठाऊक, कारण बनवली मीच.

दुखण्याची भीती नाही गं मला. तुला ते आठवतं का, मला सारखं आठवतं. बाबांच्या डोळ्याचं झालं ते. पट्टी सोडली त्या दिवशी आपण दोघं त्यांच्या समोर बसलो होतो, नवीन परकर घालून तू, कारण बाबा बघणार होते. आणि बाबा म्हणाले, ‘दिवा लावा की.’ दिवा लागलेलाच होता. तू माझा हात इतका दाबलास की मी रडलो, आणि सगळ्यांना वाटलं मी बाबांसाठी रडतोय. त्या काळची गोष्ट वेगळी, तेव्हाची औजारं वेगळी, डॉक्टर हे सगळं समजावून सांगतात आणि मला ते पटतंही. पटतं आणि तरी पुन्हा फोन उचलून मी नको म्हणतो. असा आहे बघ तुझा भाऊ.

असो. सांगायचा मुद्दा, आता सगळं पक्कं झालंय. तुझ्या भावजयीने स्वतः फोन करून येत्या गुरुवारची तारीख घेतली आणि डॉक्टरांना बजावलं की ह्यांचा फोन आला तर तो धरायचा नाही. मी मनाची तयारी केली आहे. अगदी खंबीर आहे. माणसाने केव्हातरी टाळाटाळ थांबवावी, हे मला या वयात, आणि तेही इंग्रजीमुळे, उमगलं याचं समाधान आहे. तू मुळीच काळजी करू नकोस, यायची तर अजिबात धडपड करू नकोस, तुझा गुडघा सांभाळ. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. गुडघ्यावरून आठवलं. तो गुरुवारी जरा जास्त दुखू शकेल का? फार नको. म्हणजे बुधवारी संध्याकाळपासून उभंच राहवत नाही, भावोजींना एकट्याने झेपत नाही, धाकट्याला ताबडतोब पाठवा, एवढं हिला फोन करून सांगायचं. सख्ख्या बहिणीसाठी जायलाच लागतं, त्याला कोण काय म्हणणार? फक्त एकच आठवडा ढकल, ताई. पुढच्या गुरुवारी मी नक्की जातो. फोनवर मराठीतच बोल, आणि ती इंग्रजीत शिरली तर लाइन खराब आहे म्हणून ठेवून दे.

ता. क. दुसरा. हे पत्र हिच्या हाती पडता कामा नये, म्हणून पाकिटावर पत्ता मी स्वतः लिहितोय. वाचलंस की फाडून टाक.

ता. क. तिसरा, आणि अक्षर वेगळं दिसेल, कारण मी लिहितेय. ताई, नमस्कार. पत्ता यांनी खरंच स्वतः लिहिला, पण पत्राच्या कागदासारख्या ठळक रेघा पाकिटाला नसतात, त्यामुळे सगळ्या ओळी एकावर एक पडल्या आहेत, नुसता काळा ठिपका दिसतो. नीट आलाय का बघ म्हणून यांनी पाकीट नंबरवालीला दाखवलं आणि पेटीत टाकायला दिलं. तिला एक अक्षर लागेना, पण यांना तसं सांगायचा तिला धीर होईना, म्हणून तिने ते मुकाट्याने मला आणून दिलं. नवीन पाकिटात घालायला उघडलं आणि वाचलं. वाचू नये हे कळतं मला. पण वाचलं.

तुमचा गुडघा गुरुवारी दुखवायचा नाही, ताई. काय वाटेल ते करा, शेक घ्या, पट्टी बांधा, पण दुखवायचा नाही. बुधवारच्या गाडीने इकडे या. यांना सांगू नका की मी बोलावलं, यांच्याच पत्राने काळजी वाटली म्हणून आले म्हणा. मराठीत सांगा, म्हणजे खपेल.

आणखी एक, ते तुमच्यापाशीच ठेवा. काल जेवण झाल्यावर यांनी ताट बाजूला सारलं आणि मला विचारलं, ‘आर यू अफ्रेड?’ बाईंचा नियम मला पाठ आहे, ज्या भाषेत प्रश्न त्याच भाषेत उत्तर. तो मीच यांना उठता-बसता ऐकवते. पण मी मराठीतच म्हणाले, छे, मला कसली भीती, मुंगी चावल्यासारखं तर असतं! यांनी बोट वर केलं नाही. नुसती मान हलवून ताट घासायला ठेवलं. यांना आत नेलं की बाहेरच्या बाकावर मी एकटी असेन. माझ्याशेजारी बसायला या.